न दिलेले हुकूम

— थांब, मला वाचू दे. मध्ये मध्ये 'मावशी, म्हणजे असं की' करू नकोस. लिहिलंयस ना तू, मग जे काही 'म्हणजे' असेल ते कागदावर असायला हवं. 'सबब, लेफ्टनंट या पदास मी पात्र नाही अशी माझी खात्री झाली असून' — सबब. बावीस वर्षांची पोर आणि सबब लिहिते. कुठून उचललास हा शब्द, आजोबांच्या दप्तरातून? तुमच्या घराण्यात सगळे कचेरीत होऊन गेले, ठाऊक आहे मला, तुझ्या आईने शंभरदा ऐकवलंय — पणजोबा संस्थानच्या कचेरीत, आजोबा रावपुऱ्यातल्या कचेरीत — आणि आता तू, राजीनाम्यात सबब घालणारी. बस ना खाली, उभी काय राहिलीस. मी काही तुझी मेट्रन नाही, रिटायर झालेय मी, या सोसायटीतली पोरंसुद्धा मला घाबरत नाहीत आता. बस. आणि ती डिश तिकडे ठेव. आईने दिलीय ना नानखटाई? लाच. स्नेहलताला वाटतं मेजर कुसुमावती सबनीस म्हणजे नानखटाई खाऊन सल्ला देणारी बाई. तिने तुला काय सांगून पाठवलं वर? 'मावशी समजूत घालतील.' आणि तू काय ठरवून आलीस? 'मावशी अर्जाचं इंग्रजी करून देतील, सरकारी इंग्रजी त्यांना येतं.' बरोबर? मान हलवू नकोस नुसती. बरोबर. म्हणजे आईला वाटतंय तू रडायला आलीयस आणि तू आलीयस टायपिस्ट शोधत.

चार महिने. चार महिन्यांत खात्री झाली हिची. चार वर्षं नर्सिंग शिकलीस मिलिटरीच्या खर्चाने, खांद्यावर दोन तारे लावून घेतलेस, फोटो काढलास — तो फोटो तुझ्या आईने सोसायटीत सगळ्यांना दाखवला, भाजीवालीलासुद्धा दाखवला, मी होते तिथे, भेंडी निवडत — आणि चार महिन्यांत खात्री. दहा दिवसांची रजा, परवाची गाडी, आणि गाडीच्या आधी हा कागद तयार पाहिजे. कारणं काय तर — थांब, कारणं वाचते — 'वॉर्डातील कर्मचारी वयाने व अनुभवाने मोठे असल्याने त्यांना आज्ञा देताना मला संकोच वाटतो.' संकोच. 'राऊंडच्या वेळी डॉक्टरांनी प्रश्न विचारल्यास उत्तर माहीत असूनही बोलता येत नाही.' 'वरिष्ठ कर्मचारी आत आले असता मी नकळत उठून उभी राहते व त्यामुळे हसे होते.' — हे तू लिहिलंस? हे खरंच कागदावर लिहिलंस? अगं, हे वाचणारा माणूस कर्नल असेल. त्याच्या टेबलावर सकाळी चाळीस कागद येतात आणि त्यात एक तुझा, की साहेब, म्हातारी माणसं आली की मी उठते.

उठतेस म्हणे. उठणारच. बडोद्याच्या मराठी घरातली मुलगी ना तू. काका आले, उठा. मास्तर आले, उठा. पोस्टमन पेन्शनीला आलेला असेल तर त्याच्यासाठीही उठा. आणि दुसरं काय करत असशील ते मी सांगते, तू लिहिलेलं नाहीस — भाई म्हणत असशील. म्हणतेस ना? म्हणतेस. कुणाकुणाला? — नेगीभाई, यादवभाई. इथे रिक्षावाला भाई, बँकेतला साहेब भाई, म्हणून तिथेही हवालदाराला भाई. मला काय विचारतेस कसं कळलं. मी केलंय. पहिल्या दिवशी, चाळीस खाटांचा वॉर्ड, भर वॉर्डात मेट्रनच्या देखत मी हवालदाराला हाक मारली — 'घाडगेभाई, जरा आवशो?' आवशो, म्हणजे याल का. गुजराती. त्या वॉर्डात पंजाबी होते, मद्रासी होते, गढवाली होते, आणि मी 'आवशो'. एक जवान एवढा हसला की त्याचा टाका दुखला. मेट्रनने नुसतं बघितलं माझ्याकडे, जशी मी आत्ता तुझ्याकडे बघतेय. तेव्हा रडूबिडू नकोस, तू काही नवीन केलेलं नाहीस. मूर्खपणासुद्धा तुझा स्वतःचा नाही, तोही वापरलेलाच आहे.

दुसरं पान आहे का? दे. दोन पानांचा राजीनामा. 'तसेच' — आता तसेच — 'तसेच वॉर्डातील नायब सुभेदार नेगी हे माझी वारंवार टिंगल करतात. मी न दिलेल्या आज्ञा माझ्या नावावर सांगून ते इतरांसमोर माझा पाणउतारा करतात. त्यांची चौकशी व्हावी.'

— हे काय आहे?

नाही, हे काय आहे ते सांग. न दिलेल्या आज्ञा म्हणजे? काय म्हणतो तो? त्याच्या शब्दांत सांग, तुझ्या नको. हिंदीत म्हणत असेल तर हिंदीत सांग. — 'जैसा मॅडमने कहा था'? आणि पुढे? — 'जैसा मॅडमने कहा था, सात नंबरका पानी बंद किया है.' आणि तू म्हणाली नव्हतीस. आणि सात नंबरचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं? होतं ना. त्याला रात्रीपासून उपाशी ठेवायला हवं होतं, आणि ते सांगायचं तू विसरली होतीस. मग हे तो कधी म्हणाला, डॉक्टर आत यायच्या आधी की नंतर? आधी. दरवेळी आधी. आणि मोठ्याने. आणि म्हणताना हसतो का? नीट आठव, उगीच अर्जाला शोभेल म्हणून सांगू नकोस. हसत नाही. सावधान उभा राहतो, छताकडे बघतो आणि म्हणतो. वय काय त्याचं? चव्वेचाळीस-पंचेचाळीस. सुभेदार व्हायचाय अजून. आणि त्याच्यावर तू चौकशी मागतेयस, ऑफिसर म्हणून, लेखी.

पाणी दे मला. तिकडे, तांब्यात आहे.

तू महामूर्ख आहेस, निरू. तो टिंगल करत नाही. तो शिकवतोय तुला. आपल्याकडे नायब सुभेदार लेफ्टनंटला शिकवू शकत नाही, ते बसत नाही कुठे, तुझ्या खांद्यावर तारे आहेत आणि तुझ्यापुढे तो सलाम ठोकतो. 'मॅडम, तुम्ही विसरलात' असं त्याने म्हणायचं? चाळीस लोकांसमोर? मग तो काय करतो, तू जे सांगायला हवं होतंस ते तू सांगितलंच असं म्हणतो. तुझा हुकूम तुलाच ऐकवतो. दुसऱ्या दिवशी तुला आपोआप आठवतं. तिसऱ्या दिवशी तू खरंच सांगतेस. एवढं साधं. घाडगे हेच करायचा. हवालदार हिंमतराव घाडगे, साताऱ्याकडचा, नर्सिंग असिस्टंट, अठरा वर्षं नोकरी झालेली. 'सिस्टर, आपण म्हणालात तसं पाच नंबरला कुशीवर केलंय.' 'सिस्टर, आपल्या हुकमाप्रमाणे अकराचा ताप दर तासाला लिहितोय.' मी कसला हुकूम देतेय, मला अकरा नंबर कोण हेच माहीत नसायचं. सदुसष्ट साल होतं, मी तुझ्याच वयाची, उत्तरेकडची छावणी — नाव नको हॉस्पिटलचं — आणि हा माणूस रोज सकाळी राऊंडच्या आधी वीस मिनिटं माझे हुकूम मला वाचून दाखवायचा. आणि तू ज्याबद्दल हा परिच्छेद लिहिलायस, ते उठणं — मीही उठायचे तो आत आला की. दोन दिवस बघितलं त्याने. तिसऱ्या दिवसापासून तो ड्यूटी रूमच्या बाहेर थांबून खोकायचा. मी काहीतरी निमित्ताने उभी राहीपर्यंत खोकत राहायचा. मी कपाट उघडायला उठले की मग आत. लोकांना वाटायचं घाडग्याला दमा आहे. मेडिकलला बोलावलं होतं त्याला एकदा, छाती तपासायला.

असली माणसं. तुला सांगू का, मला त्याची कीवच यायची. ज्याला स्वतःला इतकं येतं, त्याने ते दुसऱ्याच्या नावावर का चढवत बसावं? स्वतः बोलावं, शाबासकी घ्यावी, मोकळं व्हावं. पण नाही. शेतकरी माणूस, मान खाली घालून काम करायची सवय, मिशा तेवढ्या मोठ्या. माझ्या मराठीला हसायचा तेवढाच काय तो. 'सिस्टर, आमच्याकडं खिडकी बंद करत न्हाईत, लावत्यात' — म्हटलं, तुमचं तुम्ही बघा, आमच्या बडोद्यात बंद करतात. पण शिकले मी. तीन महिन्यांत अशी तयार झाले की मेट्रनने सगळ्यांसमोर म्हटलं, लेफ्टनंट सबनीसकडे बघा, डॉक्टर विचारायच्या आत उत्तर असतं तिच्याकडे. असणारच, वीस मिनिटांपूर्वी ऐकलेलं असायचं. नंतर नंतर ऐकावंही लागायचं नाही, तो बोलायच्या आत मीच सांगायचे, आणि तो म्हणायचा 'जी सिस्टर', एवढंच, आणि मिशीत काहीतरी व्हायचं त्याच्या. तर हे असं असतं. भीती जाते ती अशी जाते, कोणीतरी चोरपावलांनी येऊन काढून नेतं. तुझीही जाईल. तेव्हा हा कागद घेऊन जा आणि नानखटाईच्या डिशखाली घाल. झालं. संपला सल्ला. जा.

— मग काय? मग काय म्हणजे? मग झाले मी कॅप्टन, मेजर, सगळं यथास्थित झालं. — घाडगे? घाडग्याचं काय. हवालदार होता, हवालदार म्हणून गेला घरी. — का म्हणजे? सगळेच थोडे सुभेदार होतात. त्या वर्षी त्याचं नाव होतं नायब सुभेदाराच्या यादीत, मग नाही राहिलं. तुला फार चौकशा. स्वतःचं दुसरं पान वाच की, 'चौकशी व्हावी' म्हणतेस, तुला माहीत आहे चौकशी लागली की काय होतं? लाल शाईने लिहितात सर्व्हिस बुकात. एक ओळ लाल शाईची आणि अठरा वर्षं निळी शाई, वाचणारा फक्त लाल वाचतो. मला माहीत आहे. बघितलंय मी. मी टेबलाच्या या बाजूला उभी होते.

तुला ऐकायचंच आहे ना. बस मग. एक जवान होता, नडगी मोडलेली, सकाळी प्लास्टर घातलेलं. दुपारी दोनला कण्हायला लागला. मी गेले, बघितलं, त्याची बोटं सुजली होती आणि जरा निळसर वाटत होती, म्हटलं नवीन प्लास्टर आहे, सगळेच ओरडतात, पाय उंच ठेवा. त्याच सकाळी मेट्रनने कौतुक केलं होतं माझं. दोन नव्या मुली आल्या होत्या हाताखाली, त्या माझ्या मागे मागे फिरत होत्या वह्या घेऊन, मी जे बोलेन ते लिहून घेत होत्या. आणि घाडगे दारात येऊन म्हणाला, 'सिस्टर, आपण सर्जन साहेबांना निरोप द्यायला सांगितलात, तो देऊन येतो.' सगळ्यांदेखत. तीन महिने ऐकत आले होते मी ते वाक्य. त्या दिवशी मला ते टोचलं. तुला टोचतं ना, तसंच. वाटलं, आता गरज काय याची, आता मला येतं सगळं, हा अजून मला बाहुलीसारखा नाचवतोय. मी म्हणाले, 'मी असं काहीही सांगितलेलं नाही, हवालदार. आपल्या कामाला लागा.' त्या मुलींनी लिहून घेतलं बहुतेक तेही.

'जी सिस्टर' म्हणाला. त्याने दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं की नाही? तूच सांग. ओरडायला हवं होतं. मला बाजूला घेऊन म्हणायला हवं होतं, पोरी, बोटं निळी आहेत, पाय जाईल त्याचा. काही बोलला नाही. पावणेचार वाजेपर्यंत काही नाही, मग माझ्या परवानगीशिवाय सायकल काढली आणि सर्जनच्या बंगल्यावर गेला. सर्जन आला, रक्त अडवून बसलेलं प्लास्टर कापलं. पाय वाचला. आणखी तासभर गेला असता तर वाचला नसता. पाऊल मात्र जन्मभर ओढतच चालणार, असं तेव्हाच सांगितलं त्यांनी. चोवीस वर्षांचा होता तो, हॉकी खेळायचा.

आता पाऊल ओढणार म्हटल्यावर कोणीतरी विचारणारच की दोन वाजता दुखत होतं तर पावणेचारपर्यंत काय केलंत. विचारलं. दुसऱ्या दिवशी, ऑफिसात, आम्हा दोघांना उभं करून. आधी घाडग्याला विचारलं. आणि तो सावधान उभा, छताकडे बघत — अगदी तुझ्या त्या नेगीसारखा — म्हणाला, 'सिस्टरनी दोन वाजताच हुकूम दिला होता साहेब, सर्जनना बोलवा म्हणून. मी दुसऱ्या कामात विसरलो.'

बघ. बघ तू आता. कोणी सांगितलं होतं त्याला? कोणी मागितलं होतं? सवयीचा गुलाम. तीन महिने माझ्या तोंडात हुकूम घालायची सवय लागली होती, तिथेही घातला. मूर्ख. मिशा एवढ्या आणि अक्कल — घरी दोन मुली लग्नाच्या, यादीत नाव, आणि हा म्हणतो मी विसरलो. असल्या माणसांचं काय करायचं असतं? मला तर राग आला त्याचा. अजून येतो. माझ्याकडे वळून साहेबांनी विचारलं, 'सिस्टर, हे बरोबर आहे?'

— विचारू नकोस. तुला कळलंय. तोंडावर दिसतंय तुझ्या.

'येस सर' म्हणाले.

दोन शब्द. त्या दोन्ही मुलींच्या वह्या होत्या, त्यांना माहीत होतं, त्यांनीही काही सांगितलं नाही, ऑफिसरच्या विरुद्ध कोण बोलतं. त्याला लाल शाई, आणि मला — ते काय भिंतीवर, तू मघापासून बघतेयस तेच. इंग्रजी येतं ना वाचायला? 'वेळीच धोका ओळखून दिलेल्या आदेशाबद्दल.' न दिलेल्या आदेशाबद्दल प्रशस्तिपत्र मिळालेली मी एकटीच असेन अख्ख्या मिलिटरीत. तुझी आई येते तेव्हा दरवेळी त्यावरची धूळ पदराने पुसते. तिला वाटतं मला पुसायला वेळ होत नाही.

— नाही. नंतर नाही सांगितलं कुणाला. कुणाला सांगणार होते? त्याच्याशीही नाही बोलले त्याविषयी. दोन महिने आणखी होतो आम्ही एका वॉर्डात. रोज बाहेर खोकायचा, मी उठले की आत यायचा. 'आपल्या हुकमाप्रमाणे' म्हणायचा. एक शब्द बदलला नाही त्याने. मी बदली मागून घेतली. तू राजीनामा लिहितेयस, मी बदलीचा अर्ज लिहिला होता, तब्येतीचं कारण घालून, मलाही सरकारी भाषा तिथपासूनच यायला लागली. — पत्ता? असेल. एक कार्ड आलं होतं पेन्शनीत गेल्यावर, गावाचं नाव होतं. उत्तर नाही दिलं. आता बहुतेक — मला नाही माहीत. माहीत करून घेतलं नाही.

काय करतेयस? पेन्सिल कशाला हवी? ती माझी आहे, टोक मोडू नकोस.

नेगीची ओळ खोडतेयस. बरं. नीट खोड, अर्धी नको, नुसती रेघ मारलेलं खालून वाचता येतं. हं. आता वाच काय उरलं ते. मोठ्याने वाच. 'या पदास मी पात्र नाही.' बस, एवढंच? एवढ्यावर राजीनामा मागत नाही कोणी, निरू. पात्र नसलेली माणसं वर्षानुवर्षं नोकरी करतात, मेजर होतात, इथे कारेलीबागेत फ्लॅट घेतात, दारावर हुद्द्यासकट पाटी लावतात. याचं इंग्रजी मी नाही करून देणार. परवा गाडीत बसायचं की नाही ते तुझं तू बघ, आणि बसलीस तर त्या नेगीने तुझा हुकूम सांगितला की 'मी म्हणाले नव्हते' असं म्हणू नकोस, पण ज्या दिवशी साहेब तुझ्याकडे वळून विचारतील त्या दिवशी —

जा आता. हो, दोन्ही पानं घेऊन जा. मला काही कळवू नकोस. दार ओढून घे.